पोलादाच्या गावाशेजारचे मराठी कागद

भिलाईत जुना कागद म्हणजे १९५५ सालचा. त्या वर्षी २ फेब्रुवारीला दिल्लीत भारत सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि दुर्गजवळच्या एका सामान्य खेड्याच्या नशिबी पोलादाचा कारखाना आला. चार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. सेक्टर, क्वार्टर, शाळा, दवाखाने हे सगळं त्यानंतरचं. इथली उच्च शिक्षणाची केंद्रंही कोवळ्या वयाची आहेत. तांत्रिक विद्यापीठ २००५ मधलं, आयआयटी २०१६ मधली. अशा गावात कुणी दप्तरखाना शोधायला निघालं, तर हाती लागतील ते यंत्रांचे आराखडे, हजेरीपट आणि युनियनची पत्रकं.

पण भिलाईच्या दोन्ही अंगांना जरा हिंडलं की चित्र बदलतं. पूर्वेला रायपूर. पश्चिमेला, दुर्गहून नागपूरकडे निघालेली गाडी अर्ध्या तासात पोचते ते राजनांदगाव. तिथून उत्तरेला रस्त्याने खैरागड. या तिन्ही गावांशी गेल्या सव्वाशे वर्षांत मराठी घरांतल्या माणसांचं ढीगभर लिखाण जोडलं गेलं आहे: मासिकं, कवितांचे खर्डे, प्रवासाच्या रोजनिशा, स्वरलिपी. ते आज वाचायचं तर बहुतेक हिंदीतून वाचावं लागतं. काही मुळातच हिंदीत लिहिलेलं आहे आणि जे मराठीत होतं तेही पुढे हिंदीतूनच चालू राहिलं. म्हणून या माणसांची नावं मराठी वाचकाला ऐकून माहीत असतात. त्यांचे कागद कुठे गेले हे मात्र बहुतेकांनी कधी विचारलेलं नसतं.

ही माणसं इथे आली कशी, हे कोडं नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होतं. बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहत. भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केलं आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत उभा राहिला, तेव्हाही राजधानी नागपूरच. थेट १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दुर्ग-रायपूरच्या माणसाला सचिवालयातलं काम असेल तर नागपूरचं तिकीट काढावं लागे. कारकून, मास्तर, वकील, फौजदार अशी मराठी घरं या वाटेवर पिढ्यानपिढ्या ये-जा करत होती. मुलं घरात मराठी बोलत, शाळेत हिंदी शिकत, आणि त्यांतली काही पुढे हिंदीत अशी रुजली की हिंदीवाल्यांनाही त्यांचं मूळ आठवून घ्यावं लागतं.

माधवराव सप्रे त्यांतले आद्य. जन्म १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातल्या पथरियाचा, हयातीचा मोठा भाग रायपुरात, मृत्यूही तिथेच, १९२६ मध्ये. पेंड्र्याच्या राजकुमारांची शिकवणी करून मिळालेल्या पैशातून त्यांनी जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केलं. सोबतीला वामन बळीराम लाखे आणि रामराव चिंचोलकर. छत्तीसगडच्या पहिल्या हिंदी मासिकाच्या मुळाशी सप्रे, लाखे, चिंचोलकर ही तीन आडनावं असावीत, ही गोष्ट पुण्यामुंबईच्या पत्रकारितेच्या इतिहासात सहसा येत नाही. मासिक तीन वर्षं चाललं. त्यात १९०१ मध्ये आलेली सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा हिंदीतल्या अगदी पहिल्या लघुकथांमध्ये गणली जाते.

पुढे १९०७ मध्ये नागपुरातून त्यांनी ‘हिंदी केसरी’ काढला. टिळकांचा आवाज हिंदी मुलखात पोचवायचा हा उघड हेतू. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली, घरच्यांच्या दडपणाखाली माफीनाम्यावर सही झाली आणि सुटकेनंतर त्या सहीची बोच त्यांना जन्मभर पुरली. काही काळ ते वर्ध्याजवळ रामदासी परंपरेतल्या श्रीधर विष्णू परांजपे यांच्या सहवासात राहिले. नंतर त्यांच्या हातून दासबोध, टिळकांचं ‘गीतारहस्य’ आणि चिंतामणराव वैद्यांची महाभारतमीमांसा अशी तीन मोठी कामं हिंदीत उतरली. उत्तर भारतात कित्येकांनी टिळकांची गीता वाचली ती सप्र्यांच्या हिंदीतून.

त्यांच्या नावाचं संग्रहालय भोपाळमध्ये आहे. पत्रकार विजयदत्त श्रीधर यांनी १९८४ मध्ये ते सुरू केलं. जुनी वृत्तपत्रं, मासिकं, लेखकांचा पत्रव्यवहार तिथे जमत गेला आणि विद्यापीठांनी त्याला संशोधनकेंद्र म्हणून मान्यता दिली. सरकारी अभिलेखागाराने नव्हे, एका बातमीदाराने रद्दीच्या वाटेवरचे अंक वाचवले, हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे. पुढच्या दोन्ही गोष्टींत असंच कुणी ना कुणी येतं.

राजनांदगावचं दिग्विजय महाविद्यालय संस्थानिकांच्या जुन्या राजवाड्यात भरतं. आजूबाजूला रानीसागर आणि बूढासागर हे तलाव. १९५८ मध्ये इथे हिंदीचे प्राध्यापक म्हणून गजानन माधव मुक्तिबोध रुजू झाले, तेव्हा ते चाळिशीत होते आणि बऱ्याच नोकऱ्या करून दमले होते. जन्म १९१७ मध्ये श्योपूरचा. वडील ग्वाल्हेर संस्थानात पोलीस खात्यात. उज्जैन, शुजालपूर, बनारस, जबलपूर अशी वणवण झाल्यावर नागपुरात आकाशवाणी आणि मग ‘नया खून’ साप्ताहिक. अज्ञेयांनी १९४३ मध्ये ‘तार सप्तक’ हा सामूहिक कवितासंग्रह काढला तेव्हा त्यातल्या सात कवींत दोन मराठी घरांतले होते, एक मुक्तिबोध, दुसरे प्रभाकर माचवे. आणि मुक्तिबोधांचा धाकटा भाऊ शरच्चंद्र नागपुरात राहून मराठीत लिहीत होता. ‘नवी मळवाट’चे कवी, ‘क्षिप्रा’चे कादंबरीकार, १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले समीक्षक, ते हेच शरच्चंद्र मुक्तिबोध. एकाच घरातल्या दोन भावांनी दोन भाषा वाटून घेतल्या. दोघंही मार्क्सवादी, दोघंही कवी. पण मराठी विभागात एकाचे विद्यार्थी आणि हिंदी विभागात दुसऱ्याचे, असं अभ्यासकांचं जग दुभंगलेलं राहिलं. दोघांना शेजारी ठेवून वाचण्याचं काम जितकं व्हायला हवं तितकं झालेलं नाही.

राजनांदगावची सहा वर्षं मुक्तिबोधांना आयुष्यात पहिल्यांदा स्थैर्य देणारी ठरली. वाड्याच्या एका भागात बिऱ्हाड, चक्राकार जिना, खिडकीतून दिसणारं पाणी. ‘अंधेरे में’सारख्या दीर्घ कविता इथे आकाराला आल्या. लिहिण्याची रीत मात्र संपादकाचा जीव काढणारी. एकच कविता पुन्हा पुन्हा लिहायची, एका मसुद्यातला तुकडा दुसऱ्यात न्यायचा, तारीख घालायची नाही, आणि पूर्ण झाली असं सहसा म्हणायचंच नाही. परिणाम असा की माणूस हयात असताना त्याचा स्वतंत्र कवितासंग्रह निघालाच नाही.

१९६२ मध्ये त्यांचं ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पाठ्यपुस्तक मध्य प्रदेश सरकारने बंदी घालून बाद केलं. विरोधाचा गदारोळ, वर्तमानपत्रांतली चिखलफेक, मग कोर्टकज्जे. ज्याच्या कविता छापायला कुणी नव्हतं त्याच्या शालेय पुस्तकाची दखल सरकारने घेतली ती अशी. १९६४ च्या फेब्रुवारीत पक्षाघाताचा झटका आला. आधी भोपाळचं हमीदिया रुग्णालय, मग दिल्लीचं एम्स. ११ सप्टेंबर १९६४ रोजी ते गेले, तेव्हा वय सेहेचाळीस.

इथून कागदांची गोष्ट सुरू होते. मित्रांनी आजारपणातच कविता गोळा करायला घेतल्या होत्या. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ त्याच वर्षी भारतीय ज्ञानपीठाने छापला, पण कवीला तो हातात घेता आला नाही. या धावपळीत असलेल्या तरुणांपैकी अशोक वाजपेयी जन्माने दुर्गचे, म्हणजे भिलाईच्या अगदी खेटून असलेल्या गावचे. नंतरचं किचकट काम नेमिचंद्र जैन यांनी अंगावर घेतलं. ते मुक्तिबोधांचे जुने स्नेही, ‘तार सप्तक’मधले सोबती. १९८० मध्ये राजकमलने सहा खंडांची ‘मुक्तिबोध रचनावली’ काढली तिच्यामागे या माणसाने वर्षानुवर्षं लावलेली सुटी पानं आहेत. दोघांमधला पत्रव्यवहार ‘पाया पत्र तुम्हारा’ या नावाने वेगळा निघाला. थोरला मुलगा रमेश मुक्तिबोध यांनी उरलेल्या हस्तलिखितांतून वाट काढणं पुढे चालूच ठेवलं.

महाविद्यालयाने आपल्या परीने आठवण जपली. आवारात मुक्तिबोध, पदुमलाल पुन्नालाल बख्शी आणि बलदेवप्रसाद मिश्र या तिघांचं मिळून त्रिवेणी संग्रहालय आहे. बख्शी मूळचे खैरागडचे, ‘सरस्वती’ मासिकाचे संपादक. त्यांच्या नावाचं सृजनपीठ खैरागडात नाही तर भिलाईत उभं राहिलं. पोलादाच्या गावाला आपला असा लेखक हवा होता आणि तो त्याने शेजारच्या गावातून उसना घेतला, असं म्हटलं तर बख्शींच्या चाहत्यांनी रागावू नये.

राजनांदगावच्या या मुक्कामातून कागदाबाहेरचंही काही उरलं. गावातल्या एका कृषी पदवीधर तरुणाच्या कविता मुक्तिबोधांनी वाचल्या आणि त्यांतल्या काही श्रीकांत वर्मांच्या ‘कृति’ मासिकाकडे पाठवल्या. तो तरुण म्हणजे विनोद कुमार शुक्ल, पुढे २०२४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी.

भिलाईच्या स्वतःच्या कागदांचं काय, असा प्रश्न मध्येच येईल म्हणून एवढंच. शंकर गुहा नियोगी यांचा २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईत झोपेत गोळी घालून खून झाला. खाणकामगारांची संघटना, छत्तीसगड मुक्ती मोर्चा, दल्ली राजहराचं शहीद हॉस्पिटल हे सगळं उभं करणाऱ्या या माणसाचं लिखाण पत्रकं, टिपणं, मुलाखती, भाषणं असं विखुरलेलं होतं. दोन वर्षांत अनिल सद्गोपाल आणि श्याम बहादुर ‘नम्र’ यांनी ते ‘संघर्ष और निर्माण’ या जाडजूड ग्रंथात आणलं. आणि कारखान्याच्या कामगारवस्त्यांची सर्वांत बारीक नोंद कुणी केली? लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानवशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी. नव्वदच्या दशकापासून ते इथे येऊन राहत होते. ‘क्लासेस ऑफ लेबर’ हे त्यांचं पुस्तक २०२० मध्ये निघालं.

आता खैरागड.

नागवंशी राजांचं हे छोटं संस्थान १९४८ मध्ये मध्य प्रांतात विलीन झालं आणि दुर्ग जिल्ह्याचा भाग बनलं. राजा वीरेंद्रबहादुर सिंह आणि राणी पद्मावतीदेवी यांची मुलगी इंदिरा लहानपणीच वारली. तिला गाण्याची ओढ होती. तिच्या नावाने आधी संगीतशाळा निघाली आणि मग राजाराणीने आपला कमलविलास राजवाडा देऊन टाकला, विद्यापीठासाठी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचं उद्घाटन झालं. राज्याची राजधानी त्या दिवशी अजून नागपूरच होती. पुढच्या अडीच आठवड्यांत ती भोपाळला गेली. आणि त्याच दिवशी, त्याच नागपुरात, दीक्षाभूमीवर बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. त्या रविवारी नागपूरच्या बातमीदारांचं लक्ष खैरागडकडे किती असेल, ते सांगायला नको.

दुर्ग जिल्ह्याच्या एका टोकाला रशियन तज्ज्ञांच्या सल्ल्याने भट्ट्यांचा पाया खणला जात होता आणि दुसऱ्या टोकाला जंगलाच्या कडेच्या राजवाड्यात संगीताचं विद्यापीठ उघडत होतं. पहिल्यासाठी परदेशी अभियंते मिळाले. दुसऱ्यासाठी कुलगुरू कुठून आणायचा?

मुंबईत जन्मलेले, बडोद्यात फैयाज खाँसाहेबांकडे शिकलेले आणि १९२८ पासून लखनौच्या मॅरिस संगीत कॉलेजचे प्राचार्य राहिलेले श्रीकृष्ण नारायण रातंजनकर खैरागडला आले. अण्णासाहेब म्हणून शिष्यांत ओळखले जाणारे हे गृहस्थ १९५७ ते १९६० कुलगुरू होते. पद्मभूषण त्यांना १९५७ मध्येच मिळालं होतं. पण त्या आधीची काही वर्षं शांततेची नव्हती. माहिती-नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीच्या गायकवादकांची चाचणी घ्यायचं ठरवलं आणि परीक्षकमंडळाचं प्रमुखपद रातंजनकरांकडे दिलं. नाव कमावलेल्या कलावंतांनी माईकसमोर बसून राग ओळखायचे, व्याकरणाची उत्तरं द्यायची! मुंबई-कलकत्त्यात कलावंतांनी निषेध केला. रातंजनकरांना हे सगळं सोसावं लागलं ते त्यांच्या गुरूमुळे असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही, कारण गाणं तपासता येतं, मांडता येतं, लिहिता येतं ही श्रद्धा त्यांना गुरूकडून मिळाली होती. गुरू म्हणजे विष्णू नारायण भातखंडे.

भातखंड्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० चा, मुंबईत वाळकेश्वरला. एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए., मग एल.एल.बी., काही काळ कराचीत वकिली. पारशी मंडळींच्या गायन उत्तेजक मंडळीत ते रमले आणि तिथे येणाऱ्या गवयांच्या चिजा उतरवून घेऊ लागले. १९०० मध्ये पत्नी गेली, १९०३ मध्ये एकुलती मुलगी. त्यानंतर त्यांनी वकिली सोडली, पण वकिलाची नजर सुटली नाही. देशभरातल्या गायकांची आणि पंडितांची साक्ष घ्यायची, उलटतपासणी करायची, कागदपत्रं मागायची आणि शेवटी निकालपत्र लिहायचं, असंच त्यांचं पुढचं आयुष्य गेलं.

१८९६ मध्ये गुजरात-काठेवाड. १९०४ च्या अखेरीस दक्षिण: मद्रास, तंजावर, मदुरा, रामेश्वर, म्हैसूर. १९०७ मध्ये नागपूर, हैदराबाद, विजयानगरम, कलकत्ता, पुरी. १९०८ मध्ये अलाहाबाद, बनारस, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर. प्रत्येक ठिकाणी ते रोजनिशी लिहीत. कुणाला भेटलो, काय विचारलं, त्याने काय उत्तर दिलं, ते पटलं की नाही. रोजनिशीची भाषा मराठी.

दक्षिणेच्या प्रवासातला कळसाचा प्रसंग एट्टयपुरमचा. तिथे सुब्बराम दीक्षितर राहत, मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या घराण्यातले. त्यांचा तेलुगू लिपीतला ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा प्रचंड ग्रंथ त्याच वर्षी, १९०४ मध्ये, छापला गेला होता. भातखंड्यांना त्यांच्याकडून व्यंकटमखीच्या ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ या सतराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथाची प्रत मिळाली. त्यात बहात्तर मेळांची गणिती मांडणी आहे. मुंबईच्या वकिलाला हवं होतं ते हेच, रागांना कप्प्यांत बसवणारी चौकट. बहात्तर कप्पे हिंदुस्थानी संगीताला फार होतात म्हणून त्यांनी दहा ठेवले. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. आज गाण्याच्या पहिल्या परीक्षेला बसणारं भिलाईचं किंवा भंडाऱ्याचं मूल जे दहा थाट घोकतं, त्यांची एक मुळी अशी तमिळ मुलखातल्या एका छोट्या संस्थानी गावात सापडते.

या दक्षिणयात्रेची रोजनिशी लोकांपुढे आणली ती खैरागडने. अमरेशचंद्र चौबे यांनी तिचं हिंदी रूपांतर केलं आणि ‘मेरी दक्षिण भारत की संगीत यात्रा’ या नावाने इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाने ते प्रकाशित केलं. मुंबईच्या माणसाने मराठीत लिहिलेली मद्रास-तंजावरची हकिगत छत्तीसगडच्या एका आडबाजूच्या गावातून हिंदीत प्रसिद्ध झाली. रातंजनकर तिथे गेले नसते, त्यांच्यामागे भातखंडे परंपरेतले शिक्षक गेले नसते, तर तिला हे घर मिळालं असतं का, हा प्रश्न पडतोच.

भातखंड्यांच्या ग्रंथांचंही तेच. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार खंड त्यांनी १९१० ते १९३२ या काळात मराठीत लिहिले, गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात. संवाद म्हणजे कोरडी प्रश्नोत्तरं नव्हेत. शिष्य शंका काढतो, गुरू टोमणे मारतो, मधेच एखाद्या नाव न घेतलेल्या गवयाची फिरकी घेतली जाते. एकोणिसाव्या शतकात घडलेल्या मराठी गद्याचा हा खास नमुना आहे आणि साहित्याच्या अभ्यासक्रमांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलेलं नाही. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत अठराशेहून अधिक बंदिशी आहेत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्र-तार सप्तकांसाठी खालीवर टिंबं, इतकी साधी लिपी. १९३३ नंतर भातखंडे अंथरुणाला खिळले, १९ सप्टेंबर १९३६ रोजी गणेशचतुर्थीला गेले; मालिकेचे शेवटचे भाग रातंजनकरांनी पुरे केले. पुढे हाथरसच्या संगीत कार्यालयाने या सगळ्याचं हिंदी केलं आणि उत्तरेकडच्या विद्यार्थ्यांच्या हाती तीच पुस्तकं गेली. मराठी मूळ मात्र जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत राहिलं.

तसबिरीतले भातखंडे पागोटं घातलेले, गंभीर, पूज्य आहेत. रोजनिशीतले वेगळे आहेत. ते चिडतात, कंटाळतात, यजमानाच्या अज्ञानावर ताशेरे मारतात. समोरचा माणूस विद्वान निघाला तर खुलतात, नाही निघाला तर पानभर त्याची टर उडवतात. जानकी बखले यांनी ‘टू मेन अँड म्युझिक’ या २००५ च्या पुस्तकात भातखंडे आणि विष्णू दिगंबर पलुस्कर यांची उलटसुलट बाजू मांडली, तेव्हा या रोजनिशांचा भरपूर उपयोग केला. त्यांच्या वाचनातून दिसतात ते दोन भातखंडे एकाच वेळी खरे आहेत. एक, पलुस्करांसारखी धर्माची जोड न देता संगीताला ऐहिक, अभ्यासण्याजोगी विद्या मानणारे, रामपूरच्या नवाब हमीद अली खाँसारख्यांपुढे शिष्य म्हणून बसणारे. दुसरे, ज्या मुसलमान उस्तादांच्या गळ्यातून सगळी विद्या गोळा केली त्यांनाच ‘शास्त्र ठाऊक नसलेले’ ठरवणारे. भक्तांना बखल्यांचं पुस्तक कडू लागलं. पण कागद जपायचा तर त्यातलं सगळंच जपलं जातं. देव्हाऱ्यातली तसबीर सोयीची असते, रोजनिशी नसते.

भिलाई आणि खैरागड यांची गाठ पुढे एका माणसाने घातली. विमलेंदु मुखर्जी हे इमदादखानी घराण्याचे सतारवादक, आणि नोकरीने भिलाई पोलाद कारखान्यातले वरिष्ठ अधिकारी. दिवसा कारखाना, संध्याकाळी सतार. मुलगा बुधादित्य १९५५ मध्ये जन्मला, रायपुरातून धातुशास्त्राचा अभियंता झाला आणि देशातल्या अव्वल सतारियांत गेला. वडील पुढे खैरागडच्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

त्याच कारखान्याच्या पगारपत्रकावर आणखी एक नाव होतं. भिलाईजवळच्या गनियारीची तीजनबाई. शाळा नाही, अक्षरओळख नाही. हातात तंबुरा घेऊन, उभं राहून, कापालिक शैलीत महाभारत गाणारी ही पंडवानी गायिका १९८६ च्या सुमारास पोलाद कारखान्यात नोकरीला लागली आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण झाली. रातंजनकरांच्या काळात अशा गाण्याला शास्त्राच्या कपाटात जागा नव्हती. जे लिहून घेता येतं आणि जे थाटात बसतं तेच जपण्यालायक, हा भातखंड्यांच्या कामाचा न बोललेला निकष होता. आवाज जपायची सोय बऱ्याच उशिरा आली. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्रात अशोक रानडे यांनी त्या दिशेने काम केलं, आणि जादवपूर विद्यापीठात या शतकाच्या सुरुवातीला अमलान दासगुप्ता यांच्या पुढाकाराने हिंदुस्थानी संगीताच्या जुन्या तबकड्या आणि खासगी मैफिलींच्या फितींचा संग्रह उभा राहिला.

मात्र उस्तादांकडे नुसता आवाज होता आणि कागद सगळा पंडितांकडे, ही समजूतही पुरी खरी नाही. भातखंडे १९०८ मध्ये अलाहाबादला सरोदिये करामतुल्ला खाँ यांना भेटले. संस्कृत ग्रंथांचा आधार मानणारा मराठी वकील आणि अरबी-फारसी परंपरेचा हवाला देणारा उस्ताद, अशी ती गाठ होती. जमली नाही हे उघड आहे. पण त्याच वर्षी करामतुल्ला खाँनी स्वतः उर्दूत संगीतावरचा ग्रंथ छापला होता, ‘असरार-ए-करामत’. म्हणजे त्या भेटीच्या दोन्ही बाजूंचे कागद उपलब्ध आहेत, एक मराठीत, एक उर्दूत. अमेरिकेतले संगीत-अभ्यासक मॅक्स कात्झ यांनी लखनौ घराण्यावरच्या ‘लिनिएज ऑफ लॉस’ या २०१७ च्या पुस्तकात करामतुल्लांचं लेखन आणि भातखंड्यांचं काम समोरासमोर ठेवून पाहिलं. बखल्यांचं पुस्तक इंग्रजीत, कात्झ यांचंही. भातखंड्यांचं मराठी आणि करामतुल्लांचं उर्दू एकत्र वाचून त्या भेटीवर मराठीत लिहिणारा अभ्यासक हवा आहे, आणि खैरागडला जायला भिलाईहून दोन तासही पुरतात.